उरल्या भाकरीचं गाव

आमच्या गावाचं कागदावरचं नाव कासारपेठ. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती दुसऱ्या नावाबद्दल. धाराशिवच्या स्टँडवर आमची गाडी लागली की कंडक्टर ओरडतो, "उरल्या भाकरीवाले, चला पुढं सरका!" आणि निम्मी गाडी हसते. तेरणेच्या काठानं कुठंही जा, आम्ही उरल्या भाकरीच्या गावचे. पोरगी बघायला आलेले पाहुणेसुद्धा ताटावर बसताना विचारतात, "ताजी हाय ना?" मी गावच्याच हायस्कुलात बावीस वर्षं इतिहास शिकवतोय आणि बावीस वर्षं या नावावर दातओठ खातोय.

त्यामुळं नगरपंचायतीचे अध्यक्ष आण्णासाहेब यांनी श्रावणात बोलावून पुलावर लावायच्या पाटीचा मजकूर लिहायला सांगितला, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. गावाचं मूळ नाव सखूर. म्हातारी माणसं अजून तेच म्हणतात. पुढं बाजार वसला, कासारपेठ हे नाव आलं आणि कागदावर तेच राहिलं.

"जिल्ह्याला जुनं नाव आलं, आपुन का मागं राह्यचं?" आण्णासाहेब म्हणाले. "पाच ओळी लिहा, शिवकुमार मास्तर. सखूर कसं पडलं ते लिहा. अन् त्या भाकरीचंबी कायतरी झ्याक बसवा. दसऱ्याला पाटी लावू."

मी झ्याक बसवलं. 'सखूबाई नावाच्या दानशूर स्त्रीने दुष्काळात पंचक्रोशीला जेवू घातले. तरीही भाकरी उरत असे, इतकी येथे सुबत्ता होती.' आधाराला काही नव्हतं. पण वाचायला बरं वाटत होतं, आणि पाटीला पुरावा कोण मागतो?

फक्त रीत म्हणून एकदा पुतळाबाईंकडं जाऊन आलो. पुतळाबाई खालच्या पेठेच्या टोकाला राहतात, वय पंचाऐंशीच्या पुढं. गावची पुराची दुरडी त्यांच्याकडं असते. त्यांच्या आधी ती त्यांच्या सासूकडं होती.

ही दुरडी काय, ते बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. नदी चढायला लागली की खालच्या पेठेतली माणसं टेकडीवर जातात. निघताना प्रत्येक घरानं, घरात जेवढी खाणारी तोंडं तेवढ्या भाकरी दुरडीत टाकायच्या. अंगावर पिणारं पोर आईच्या भाकरीत धरायचं. टेकडीवर पोचलं की ज्यानं त्यानं आपल्या हातानं एक भाकरी उचलायची, दुसऱ्यासाठी घ्यायची नाही. दुरडी रिकामी झाली तर सगळे आले. भाकरी उरली तर कुणीतरी खाली राहिलं. आता मोबाइल आले, याद्या आल्या, तरी बाया ही रीत सोडत नाहीत. मला तो निव्वळ अडाणीपणा वाटायचा.

पुतळाबाईंच्या ओट्यावर बसून मी मोबाइलमध्ये आवाज धरायचं बटण दाबलं आणि सुरुवात करून दिली, "आजी, सखूबाई म्हणे फार दानशूर होती."

"कोन म्हनतं?" त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी पहिलीतला पोरगा झालो. "दान कशाचं करती ती? तिची सोताची चूल न्हवती, मास्तर. तिला गाव इसरलं हुतं."

मी मोबाइल बंद केला. पाटीवर लावायला मला विसरलेली बाई नको होती. त्या पुढं सांगतच होत्या, पण "येतो पुन्हा" म्हणत मी उठलो आणि पुन्हा काही गेलो नाही. हे आधीच कबूल करून टाकतो, कारण पुढं जे झालं त्यात माझ्या या उठण्याचा हात मोठा आहे.

भादवा संपता संपता पाऊस बसला तो उठेचना. सर्वपित्री अमावस्येला पत्र्यावर ठेवलेले घास तसेच भिजत पडले, कावळेसुद्धा फिरकले नाहीत. दुसऱ्या दिवशी घटस्थापना होती. तुळजापूरहून ज्योत घेऊन निघालेली मंडळी वाटेतच अडकली होती. पहाटे पाचला मला तहसीलमधून फोन आला, वरच्या धरणाचे दरवाजे उघडतायत, खालची पेठ रिकामी करा, शाळा उघडा.

शाळा टेकडीवर आणि किल्ली माझ्याकडं. आमचं घर खालच्या पेठेत अगदी नदीकडच्या आळीला. पोरगा पुण्याला शिकतो, घरात मी आणि बायको अर्पिता, दोघंच. तिनं घाईघाईनं दोन भाकरी थापल्या, फडक्यात बांधल्या, मी दाराला कुलूप घातलं आणि साडेपाचला आम्ही स्कूटरवरून टेकडीवर गेलो. निघताना मी दोनदा कुलूप ओढून बघितलं. कुलपाची काळजी मला फार.

इथं माझ्या वडिलांबद्दल सांगायला पाहिजे. हिंमतराव त्यांचं नाव, वय ब्याऐंशी, कानानं कमी. आई गेली, वाटणी झाली आणि बाबा आम्हा दोघा भावांत वाटले गेले. हा शब्द चांगला नाही, पण दुसरा शब्द खोटा होईल. एक महिना थोरल्या रणधीरदादाकडं, एक माझ्याकडं. दादाचं घर आमच्यापासून दोन आळ्या वर. अमावस्येला महिना संपतो. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा त्यांची निळी पिशवी घेऊन, काठी टेकत, या घरातून त्या घरात येतात. दादाचं आणि माझं बोलणं कामापुरतं. भांडण म्हणावं असं काही नाही, पण एकमेकांच्या दारात जायला कारण लागतं, इतपत आहे.

त्या दिवशी बाबा आमच्याकडं यायचे होते. एरवी दादाकडचा चहा घेऊन, आंघोळ उरकून, नऊच्या सुमाराला येतात. आता पूर म्हटल्यावर ते दादाबरोबरच टेकडीवर येणार, यात विचार करण्यासारखं काय होतं? मी विचार केला नाही.

सव्वासहाला नगरपंचायतीचा भोंगा झाला. नदीकडच्या आळ्या आधी रिकाम्या केल्या, मग वरच्या. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरभरून माणसं वर येत होती. कडेवर पोरं, डोक्यावर बोचकी, कुणाच्या काखेत कोंबडी. शाळेच्या फाटकात मी छत्री मानेत धरून यादीवर खुणा करत होतो. ही यादी गेल्या साली मीच रेशन कार्डांवरून केलेली. खालच्या पेठेची दोनशे अडुसष्ट नावं. बाबांचं नाव दादाच्या कार्डावर आहे. दादाची ट्रॉली आली तेव्हा त्यानं वरूनच हात केला, "सगळे हाव!" आणि मी पाच नावांवर पाच खुणा केल्या. खाली उतरून बोलावं असं त्याला वाटलं नाही, आणि थांबवून विचारावं असं मला वाटलं नाही.

साडेआठला शेवटची ट्रॉली आली. ड्रायव्हर म्हणाला, पाणी मारुतीच्या पारापर्यंत आलंय, आता खेप होणार नाही. माझ्या यादीत सगळ्या नावांपुढं खुणा होत्या. आण्णासाहेबांनी तहसीलला फोन करून सांगितलं, दोनशे अडुसष्टच्या दोनशे अडुसष्ट सुरक्षित. मला त्या आकड्याचा अभिमान वाटला.

मग पुतळाबाईंनी व्हरांड्यात दुरड्या मांडल्या. माणसं रांगेनं आली, एकेक भाकरी उचलून गेली. बऱ्याच बायांना घटाचे उपवास होते, त्यांनीही भाकरी घेऊन पदरात बांधली. तास गेला. सगळे घेऊन झाले. शेवटच्या दुरडीत एक भाकरी उरली.

पुतळाबाईंनी दुरडी मांडीवर घेतली. "कोन ऱ्हायलंय?" त्यांनी मोठ्यानं विचारलं. माणसं आजूबाजूला बघायला लागली. "आरं, भाकरी कुनी उचलली न्हाय?" वर्गावर्गात पोरं पिटाळली. सगळ्यांनी उचलली होती.

व्हरांड्यातला गलका हळूहळू कमी झाला. बाया आपापली पोरं चाचपायला लागल्या. कुणीतरी म्हणालं, डोकी मोजा. आम्ही डोकी मोजली. पहिल्यांदा दोनशे एकाहत्तर भरली, दुसऱ्यांदा दोनशे सहासष्ट, तिसऱ्यांदा दोनशे चौऱ्याहत्तर. वरच्या पेठेतले लोक मदतीला आले होते, पोरं या वर्गातून त्या वर्गात पळत होती, कुणी संडासला गेलं होतं. डोकी मोजून काही उपयोग नव्हता.

"पुतळाबाई, यादी बरोबर आहे," मी म्हणालो. "सगळ्यांच्या नावापुढं खूण आहे. एखाद्या घरानं एक जास्त टाकली असंल."

"कोनत्या घरानं?" त्यांनी घराघराला विचारायला सुरुवात केली. "तुमी किती मानसं? किती टाकल्या?" सात माणसं, सात. तीन माणसं, तीन. माझी भावजय शिवगंगा म्हणाली, "आमी चौघं, चार टाकल्या." अर्पिता म्हणाली, "दोन." सगळ्यांचा हिशोब बरोबर होता, आणि तरी ती भाकरी दुरडीत होती.

व्हरांड्याच्या कठड्यावरून खालची पेठ दिसत होती. पाणी आवाज न करता चढत होतं. मघाशी खिडक्यांच्या खाली होतं, आता खिडक्या अर्ध्या दिसत होत्या. कुणाचं तरी पिंप हळूच गोल फिरत चौकातून गेलं. मीही घाबरलो होतो. पण खरं सांगायचं तर भीती होती ती यादी चुकण्याची. तहसीलला आकडा गेला होता. माझ्या यादीवरून गेला होता. एवढ्या माणसांत एका म्हातारीच्या मांडीवरची भाकरी मला खोटं पाडणार, याचा मला राग येत होता.

"उपवासाचा घोळ आहे हा," मी जरा वरच्या आवाजात म्हणालो. "कुणीतरी घेतली नसंल आणि आता सांगायला लाजतंय. द्या ती भाकरी पोरांना, भुकेजलीत."

पुतळाबाईंनी दुरडीवर हात ठेवला.

"तवाबी पंच असंच म्हनले हुते, मास्तर."

"तेव्हा म्हणजे कधी?"

"सखूच्या वक्ताला. त्या दिशी तुमी उठून गेलाव. आता बसा."

मी बसलो नाही, पण निघूनही गेलो नाही. पुतळाबाई माझ्याकडं न बघता पाण्याकडं बघत सांगत होत्या.

"सखूला कुनी न्हवतं. समद्या गावाचं काम करायची, सांगावे पोचवायची, लाकडं फोडायची. गावानं तिला वार लावून दिल्ते. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी. घरात कुनी घ्यायचं न्हाय, ज्याचा वार त्याच्या ओट्यावर बसून खायची. तवा दुरडी मोजायची न्हवती, नुसती खायला हुती. असाच पूर आला. समदे टेकडीवर आले. एक भाकरी उरली. झालं आसं, ज्येच्या घरचा वार सरला त्या बाईनं सवयीनं सखूची भाकरी टाकली हुती. तिला वाटलं, आता सखू दुसऱ्याकडं. ज्येचा वार लागला त्येला वाटलं, अजून आली न्हाय म्हंजी पहिल्याकडंच आसंल. पंच म्हनले, कुनीतरी जादा टाकली आसंल, द्या पोरान्ला. पोरान्नी खाल्ली."

"आणि सखू?" कुणीतरी विचारलं.

"दुसऱ्या दिशी पानी उतरलं तवा घावली. ज्येचा वार लागला हुता, त्येच्या ओट्यावर. खांबाला पदर बांधून बसली हुती. घर बंद. वाट बघत बसली आसंल." पुतळाबाई माझ्याकडं वळल्या. "गावाला तिचं नाव मानानं न्हाय दिलं, मास्तर. लाजंनं दिलं. वाढायला समदी घरं हुती, आनायला एकबी न्हाय गेलं. तवापासनं ही भाकरी मोजायची, अन् उरली तर मानूस घावल्याबिगर कुनी खायची न्हाय. भवतालची गावं हसत्यात. हसू द्या की."

ज्याचा वार लागला त्याच्या ओट्यावर. घर बंद.

सकाळी मी दोनदा ओढून बघितलेलं कुलूप डोळ्यापुढं आलं. मी यादी तिथंच टाकली आणि माणसांतून ढकलत आठवीच्या वर्गाकडं धावलो. दादा खिडकीत ओला टॉवेल वाळत घालत होता.

"दादा, बाबा कुठायत?"

"तुज्याकडं," तो म्हणाला. एवढा सहज म्हणाला, की वाक्य पुरं झाल्यावर त्याला माझा चेहरा दिसला. "तुज्याकडंच की. तुजा महिना लागला. भोंग्याच्या आदीच गेले."

"मी तर साडेपाचलाच इकडं आलोय, दादा. घराला कुलूप आहे."

शिवगंगावहिनी बोचकं सोडत होत्या, त्यांच्या हातातून बाबांचा मोबाइल खाली पडला. चार्जिंगला राहिला होता, टेकडीवर देऊ म्हणून त्यांनी सोबत घेतला होता. "सव्वापाचलाच उठून गेले," त्या म्हणाल्या आणि रडायलाच लागल्या. "म्हनले, आज शिवकुमारकडं घट बसवायचा, वावरातली माती घेऊन जातो. मला वाटलं तुमच्या संगं वर आले. भावजी, म्या पाच भाकरी थापल्या. चार न्हाय, पाच. महिनाभराची सवय हाताला. टाकतानाबी ध्यानात न्हाय आलं."

मग मला सगळं दिसलं. बाबा वावरात जाऊन माती घेऊन सातच्या आसपास माझ्या दारात आले असणार. तोवर नदीकडच्या आळ्या पहिल्याच फेरीत रिकाम्या झालेल्या. तिकडं ट्रॅक्टर परत फिरकलाच नाही. भोंगा झाला होता, पण तो त्यांना कुठला ऐकू येणार? आणि इकडं त्यांच्या मुलानं त्यांच्या नावापुढं स्वतःच्या हातानं खूण केली होती.

सव्वादहा वाजले होते. आण्णासाहेब बोटीसाठी फोन करत होते. बोट धाराशिवहून निघाली होती, पण मधल्या ओढ्याला पाणी आलं म्हणून थांबली होती. तासभर लागेल म्हणाले. तासाभरात काय होईल हे कठड्यावरून सगळ्यांना दिसत होतं.

पुतळाबाईंचा मुलगा पिराजी गुऱ्हाळावर गुळव्या आहे. तो टेकडीच्या पायथ्याच्या गुऱ्हाळाकडं पळाला आणि चार माणसांच्या मदतीनं गूळ कढवायची मोठी काहील ओढत घेऊन आला. लोखंडी काहील पाण्यावर तरंगते, आमच्याकडं पूर्वी त्यातूनच नदी ओलांडायचे. पिराजीनं कडीला सोल, म्हणजे जाड दोर बांधला, हातात लांब बांबू घेतला.

"एकच मानूस बसा," तो म्हणाला. "येताना तिघं हुतील, जास्त झालं तर कलंडंल."

"मी जातो," दादा म्हणाला. "तुला पवता येत न्हाय."

"माझ्या दारात बसलेत ते," मी म्हणालो. दादानं माझ्याकडं बघितलं आणि सोलाचं टोक स्वतःच्या कमरेला बांधून घेतलं. "जा," तो म्हणाला. इतक्या वर्षांत आमच्यात एवढं कमी बोलून एवढं कधी झालं नव्हतं.

काहिलीत उकिडवं बसायला लागतं आणि हललं की ती गर्रकन फिरते. पिराजी भिंतींना बांबू टेकवत आळीतून नेत होता. ओळखीची घरं ओळखू येत नव्हती. पाण्यात चिखलाचा, रॉकेलचा, ओल्या कडब्याचा वास मिसळला होता. सोल संपला तेव्हा पिराजीनं तो सोडून दिला आणि म्हणाला, "आता घट्ट बसा, मास्तर." मी देवीला नवस बोलत होतो. कसला नवस, ते शब्दात येत नव्हतं, नुसतं "आई, आई" म्हणत होतो.

आमचं घर आलं. ओटा पाण्याखाली. दार निम्मं बुडालेलं, कडी आणि कुलूप तेवढं पाण्याच्या जरा वर. ओट्यावर कुणी नव्हतं.

"बाबा!" मी ओरडलो. "बाबा!" मला कळत होतं की त्यांना ऐकू येणार नाही, तरी मी ओरडत होतो. कुलपाच्या शेजारी, दाराच्या चौकटीला, त्यांची काठी अडकून हलत होती. ती बघितली आणि माझा धीर सुटला. मी काहिलीत उठायला गेलो. पिराजीनं खांद्याला धरून खाली दाबलं.

"मागं जिना हाय का?"

मागं जिना होता. गच्चीवर टाकीकडं जायचा लोखंडी जिना, माझ्याच घराचा, आणि तो मला आठवला नव्हता. पिराजीनं बोळातून काहील वळवली. जिन्याच्या वरून तिसऱ्या पायरीवर, डोक्यावर खताच्या पोत्याची घोंगशी घेऊन बाबा बसले होते. मांडीवर निळी पिशवी. पाणी निम्म्या जिन्यापर्यंत आलं होतं. गच्चीचं दार आतून लावलेलं, त्यामुळं त्यांना आणखी वर जाता आलं नव्हतं.

मला बघून त्यांना आश्चर्य वाटल्यासारखं दिसलं नाही. उशीर झाल्यासारखं बघितलं.

"कुलूप हुतं," ते म्हणाले.

"मग दादाकडं परत का नाही गेलात?" मी ओरडलो. कान कमी म्हणून नाही, रागानं ओरडलो. राग कुणावर ते विचारू नका. "सकाळीच परत जायचं ना! दोन आळ्या तर आहेत!"

"तिकडचा महिना संपला हुता की," बाबा म्हणाले.

मी त्यांचे पाय धरले ते काहिलीत घेईपर्यंत सोडलेच नाहीत. पाय बर्फासारखे गार होते. पिशवी ते हातातून देईनात. आत घटाची माती होती, आमच्या वावरातली काळी, आणि पुडीत गहू. भिजू नये म्हणून त्यांनी ती चार तास मांडीवर धरून ठेवली होती.

टेकडीच्या पायथ्याला दादा छातीएवढ्या पाण्यात उभा होता. त्यानं बाबांना लहान पोरासारखं उचललं आणि शाळेपर्यंत खाली ठेवलं नाही. व्हरांड्यात सगळी पेठ उभी होती. पुतळाबाईंनी ती भाकरी बाबांच्या हातात दिली. ती वाळून कडक झाली होती. बाबांनी चहात बुडवून ती सगळी खाल्ली आणि ती संपेपर्यंत कुणी जागचं हललं नाही. मग पुतळाबाईंनी दुरडी पालथी घातली आणि माणसं बोलायला लागली.

दुपारी मी यादी शोधून काढली. बाबांच्या नावापुढची खूण मला खोडता येईना. पाटीचा कागद मात्र फाडला आणि फळ्याखालच्या खडूच्या डब्यावर टेकून दुसरा लिहिला. आण्णासाहेबांनी तो वाचला. त्यात लिहिलं होतं, 'या गावाचे नाव सखूर. सखूला वाढायला सगळी घरे होती, आणायला कुणी गेले नाही. त्या लाजेने गावाने तिचे नाव घेतले. पुरात येथे भाकरी मोजतात. उरली तर माणूस सापडेपर्यंत कुणी खात नाही.'

"आवो मास्तर, हे पुलावर लावायचं?" ते म्हणाले. "येनारी-जानारी मानसं काय म्हनतील?"

"उरल्या भाकरीचं गाव म्हणतील," मी म्हणालो. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला. लावतील की नाही, मला अजून माहीत नाही.

पाणी उतरलं नव्हतं, म्हणून दिवस मावळायच्या आत बायांनी शाळेच्या किचन शेडमध्ये चुली पेटवल्या आणि पुन्हा दुरड्या भरल्या. पुन्हा रांग लागली. बाबा शेवटी होते, दादाचा हात धरून. त्यांनी एक भाकरी उचलली, आणि दुरडीत एक उरली.

कुणीतरी किंचाळलंच. बाया पोरांना हाका मारायला लागल्या, पिराजी बांबूकडं धावला. तेवढ्यात मला अर्पिता दिसली, आणि तिच्या पलीकडं शिवगंगावहिनी. दोघी एकमेकींकडं बघत होत्या, आणि दोघींचे चेहरे चोरी पकडल्यासारखे झाले होते.

"थांबा," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. "कुणी राहिलेलं नाही. ती आमच्या बाबांचीच आहे. दोन्ही घरांनी टाकली."

पुतळाबाईंनी ती उचलून बाबांच्या दुसऱ्या हातात ठेवली. बाबांना काही ऐकू गेलं नव्हतं. दोन हातांत दोन भाकरी घेऊन ते आमच्याकडं बघत राहिले. दादानं त्यांच्या कानाशी वाकून सांगितलं. त्यांनी मान हलवली, एकदा उजव्या हाताकडं बघितलं, एकदा डाव्या.

"मग आता महिना कुनाचा म्हनायचा?" त्यांनी विचारलं.

दादानं माझ्याकडं बघितलं, मी दादाकडं. सगळी पेठ ऐकत होती, आणि उत्तर द्यायची आम्हा दोघांनाही लाज वाटली.